चार अ‍ॅप्स, चार आकडे: यातलं खरं कुठलं?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. वय ४६, शाळेत शिक्षिका, राहायला पुण्यात सिंहगड रोडला. मिस्टर ५१ वर्षांचे, त्यांना बीपीची गोळी चालू आहे. सासूबाई ७४, मधुमेह आहे, काठी घेऊन चालतात. फोनवर एकामागून एक चार फिटनेस अ‍ॅप्स घेऊन झाली आणि एकाच दिवसाची पावलं एक ४,१०० दाखवतं, दुसरं ६,८००. शिवाय त्यातलं एक रोज संध्याकाळी ‘आज रात्रीपर्यंतच ४० टक्के सूट’ म्हणून मागे लागलंय. खरं कुठलं, आणि पैसे भरावेत का?

मी फिजिओथेरपिस्ट आहे, कर्वेनगरात २२ वर्षं झाली. पूर्वी लोक यायचे ते गुडघा धरून यायचे, आता आधी फोन पुढे करतात आणि मग गुडघा. त्यामुळे अ‍ॅप्सचा नाद मला हौसेपेक्षा नाइलाजाने लागला. इतक्या जणांचे फोन पाहून माझं एक मत झालंय: अ‍ॅप काय काय दाखवतं ते बघण्याआधी, ते हे सगळं कशाने मोजतं ते विचारावं.

अ‍ॅप कितीही देखणं असलं तरी फोनच्या पोटात जे बसवलेलंच नाही ते त्याला कुठून कळणार? फोनमध्ये हालचाल ओळखणारा एक बारकासा सेन्सर असतो, जीपीएस असतं, कॅमेरा आणि माईक असतो. मुख्यतः एवढंच. रक्तदाब मोजणारं, साखर मोजणारं, चरबी मोजणारं काहीही त्यात नसतं. म्हणून पडद्यावरचा प्रत्येक आकडा तीनपैकी एका जातीचा असतो: खरोखर मोजलेला, तुम्हीच सांगितलेला, किंवा अंदाजपंचे दाहोदरसे. तिन्ही जाती एकाच टपोऱ्या अक्षरात, एकाच हिरव्या गोलात दाखवतात, घोटाळा तिथे होतो.

आता पावलं. पावलं मोजलेल्या जातीतली, म्हणजे त्यातल्या त्यात विश्वासाची. सेन्सरला हिसके कळतात, ठरावीक लयीत हिसके आले की तो पाऊल धरतो. मग चार अ‍ॅप्स चार आकडे का देतात? पहिलं कारण तुमच्या फोनच्या सेटिंगमध्ये सापडेल. बॅटरी वाचवायची म्हणून बरेच फोन मागे चालू असलेली अ‍ॅप्स गुपचूप झोपवून टाकतात. ४,१०० वालं अ‍ॅप बहुधा दुपारी झोपी गेलं असेल. त्या अ‍ॅपला बॅटरीच्या बंधनातून सूट द्या आणि ‘फिजिकल अ‍ॅक्टिव्हिटी’ची परवानगी दिली आहे का पाहा. दुसरं कारण उलट बाजूचं. घड्याळही वापरत असाल तर काही अ‍ॅप्स फोनची आणि घड्याळाची पावलं एकत्र मिळवतात, म्हणजे एकच पाऊल दोनदा. अँड्रॉइड १४ पासून फोनमध्येच ‘हेल्थ कनेक्ट’ नावाची एक सामाईक फडताळासारखी सोय आहे. सगळी अ‍ॅप्स तिथे नोंदी ठेवू शकतात आणि कोणाची नोंद आधी धरायची ते तुम्हाला ठरवता येतं. आयफोनवर हेच काम ‘हेल्थ’ हे अ‍ॅप २०१४ पासून करतंय.

तिसरं कारण सांगायला मला जरा मजा वाटते: आपल्या बायकांच्या कपड्यांना खिसे नसतात. मिस्टरांचा फोन दिवसभर पँटच्या खिशात, तुमचा पर्समध्ये, वर्गात टेबलावर आणि घरी आल्यावर ओट्याशेजारी चार्जिंगला. ओट्यापासून गॅलरीपर्यंतच्या पन्नास फेऱ्या त्याला दिसतच नाहीत. माझ्याकडे येणाऱ्या कित्येक जणी ‘माझी पावलं नवऱ्याच्या निम्मी’ म्हणून खंतावतात. पावलं निम्मी नसतात, फोन निम्मा वेळ सोबत नसतो. याउलट आपल्या रस्त्यांची कृपा अशी की मी एकदा जुना फोन खिशात टाकून स्कूटरवरून स्वारगेटला जाऊन आले, तर एका फुकट अ‍ॅपने मला सातशेवर पावलं बहाल केली. चांगली अ‍ॅप्स गाडीचे हादरे बऱ्यापैकी गाळतात, सुमार अ‍ॅप्सना खड्डा आणि पाऊल यांतला फरक कळत नाही.

घरच्या घरी परीक्षा घ्या. सोसायटीच्या आवारात फोन नेहमीच्या जागी ठेवून, तोंडाने मोजत २०० पावलं चाला. अ‍ॅपने १९० ते २१० दाखवली तर उत्तम. मग स्कूटरवरून शाळेत जा आणि आधीचा-नंतरचा आकडा बघा. या दोन्हींत जे पास होईल ते ठेवा, बाकीची तीन काढून टाका. बहुतेक वेळा पास होतं ते फोनसोबत आलेलं किंवा गुगल फिट, सॅमसंग हेल्थ यांसारखं साधं, फुकट अ‍ॅप. पावलांसाठी पैसे मोजू नका.

आणि दहा हजारांचा धोशा सोडा. हा आकडा दवाखान्यातून आलेला नाही, दुकानातून आलाय. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानमध्ये चालण्याची लाट आली, १९६५ मध्ये एका कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र काढलं आणि त्याचं नावच ‘दहा हजार पावलांचं मीटर’ ठेवलं. पुढे २०१९ मध्ये अमेरिकेत सरासरी ७२ वर्षांच्या सोळा हजारांहून अधिक स्त्रियांवरचा अभ्यास आला. दिवसाला २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं, आणि साधारण ७,५०० नंतर फायदा वाढायचा थांबला. त्या स्त्रिया तुमच्याहून वयाने मोठ्या, म्हणून हा आकडा तुम्हाला जसाच्या तसा लावू नका. पण दहा हजार झाले नाहीत म्हणून रात्री अकराला हॉलमध्ये येरझाऱ्या घालायची गरज नाही एवढं नक्की.

तुमच्या वयात पावलं किती यापेक्षा किती झपझप हे बघा. जागतिक आरोग्य संघटनेचं २०२० चं सांगणं असं: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमाचा व्यायाम, आणि दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा. मध्यम म्हणजे ढोबळमानाने मिनिटाला १०० पावलं. बोलता येतं, गाणं म्हणता येत नाही, असा वेग. गुगल फिटमधले ‘हार्ट पॉइंट्स’ याच हिशेबावर बेतलेत, आठवड्याला १५० हे लक्ष्य. म्हणून मी नव्याने सुरू करणाऱ्याला सांगते की पावलांचा गोल झाकून टाका आणि आठवड्याची मिनिटं बघा. तुम्हाला तळजाईची टेकडी जवळ आहे. चढाला पावलं कमी आणि दम जास्त लागतो, नुसती पावलं मोजणाऱ्या अ‍ॅपला हे कळत नाही. पर्वतीच्या १०३ पायऱ्या त्याच्या लेखी १०३ पावलं. पण छातीचा भाता कसा चालतो ते वर गेल्यावर तुम्हाला विचारावं!

अंदाजपंचे जातीतला सर्वांत लबाड आकडा म्हणजे ‘जळालेल्या कॅलरी’. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी मनगटावरची सात यंत्रं तपासली. नाडीचे ठोके बहुतेकांचे ठीक निघाले, पण कॅलरींमध्ये सर्वांत बरं यंत्रही सरासरी २७ टक्के चुकत होतं, आणि सर्वांत वाईट ९३ टक्के. ही नाडी बघणाऱ्या यंत्रांची गत, मग पर्समधल्या फोनची काय? माझ्याकडे एक काका येतात, दर रविवारी सिंहगड. खाली उतरून मला फोटो पाठवतात: ९५० कॅलरी. आणि त्या भरवशावर गडावर पिठलं-भाकरी, दोन प्लेट कांदाभजी आणि मडक्यातलं दही झालेलं असतं. वर्षभर गड चढून त्यांचं वजन दीड किलोने वाढलं. गड सोडू नका म्हटलं, कॅलरीचा रकाना तेवढा बंद करा. बऱ्याच अ‍ॅप्समध्ये तो मुख्य पडद्यावरून काढता येतो. ज्यात व्यायाम केल्यावर ‘आता तुम्ही आणखी एवढं खाऊ शकता’ असं सुचवलं जातं, ते अ‍ॅप मी स्वतः कुणाला सुचवत नाही.

खाण्याची नोंद हा तुम्ही सांगितलेल्या जातीतला आकडा, म्हणजे तुम्ही जितक्या प्रामाणिक तितकाच तो खरा. इथे अ‍ॅप निवडायची माझी परीक्षा अगदी घरगुती आहे. शोधाच्या चौकटीत थालीपीठ, भरली वांगी, वरणफळं, कटाची आमटी असं टाकून बघा. आमटीला ‘लेंटिल सूप’ समजणारं अ‍ॅप तिथेच बाद. थालीपिठाचे पाच वेगवेगळे आकडे आले तर समजायचं की यादी वापरणाऱ्यांनीच भरलेली आहे, कुणी तपासलेली नाही. भारतीय पदार्थांच्या बाबतीत बंगळूरचं हेल्थीफायमी (आता नाव ‘हेल्थीफाय’) हे २०१२ पासूनचं अ‍ॅप मला बरं वाटतं, त्याची फुकट आवृत्ती नोंदीपुरती चालते. पण हेही लक्षात घ्या की हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये काढलेले तक्ते मुख्यतः कच्च्या जिनसांचे आहेत. शिजलेल्या पदार्थाचा आकडा कोणीतरी कृती गृहीत धरून काढलेला असतो आणि तुमच्या घरची कृती त्याला ठाऊक नसते. चहाचा एक चमचा तेल म्हणजे साधारण ४५ कॅलरी. तुमची फोडणी दोन चमच्यांची की चार, यावर सगळा हिशेब फिरतो. वाटीचंही तेच. तुमची आमटीची वाटी आणि अ‍ॅपची वाटी यांची गाठ पडलेली नसते. एकदा स्वयंपाकघरातल्या मोजपात्राने आपली वाटी मापून ठेवा.

एवढं करूनही जन्मभर नोंदी करू नका. सलग पंधरा दिवस करा, त्यात एखादी एकादशी आणि एखादं लग्न येऊ द्या, म्हणजे खरं चित्र दिसेल. बहुतेकांना त्यातून एक-दोनच गोष्टी कळतात. प्रथिनं फारच कमी, आणि संध्याकाळी पाच ते सात या वेळात चहासोबत काय काय जातं ते. तेवढं कळलं की अ‍ॅपचं काम संपलं.

मिस्टरांबद्दल मात्र थोडं गंभीरपणे. त्यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अ‍ॅपमध्ये २३.८, हिरव्या पट्ट्यात, म्हणून ते निर्धास्त आहेत असं तुम्ही लिहिलंय. पुष्कळ अ‍ॅप्स २५ पर्यंत हिरवं दाखवतात. भारतीयांसाठी २३ च्या पुढे वजन जास्त आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. यामागचं एक प्रसिद्ध उदाहरण आपल्या पुण्यातलंच आहे. केईएम रुग्णालयातले मधुमेहाचे संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एकत्र फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२. दिसायला बारीक, आतून चरबी, ही आपली जात. तेव्हा अ‍ॅप बाजूला ठेवा आणि शिंप्याची टेप आणा. पुरुषांचं पोट ९० सेंटिमीटरच्या आत हवं, बायकांचं ८०. श्वास सोडून मोजायचं. (आमच्याकडे लोक पोट आत ओढून मोजतात आणि मग माझ्याकडे विजयी मुद्रेने बघतात.)

बीपी फोनने मोजू नका. कॅमेऱ्यावर बोट ठेवा आणि रक्तदाब मिळवा असं सांगणारी अ‍ॅप्स अजूनही सापडतात. अशाच एका लोकप्रिय अ‍ॅपची अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी तपासणी केली, २०१६ मध्ये ती प्रसिद्ध झाली: ज्यांचं बीपी खरोखर वाढलेलं होतं त्यांतल्या दर पाचांपैकी जवळजवळ चौघांना त्या अ‍ॅपने नॉर्मल ठरवलं. गोळी चालू असलेल्या माणसाने असा आकडा बघून गोळी सोडली तर काय होईल? दंडाला पट्टा लावायचं डिजिटल यंत्र घ्या, आणि अ‍ॅप वापरायचंच तर त्यात फक्त वही म्हणून आकडे लिहा. डॉक्टरांना पुढच्या खेपेला ती यादी फार उपयोगी पडते.

त्यांच्या बाबतीत आणखी एक, जे कुठलंच अ‍ॅप सहसा विचारत नाही. ‘तुमचा झोन’ म्हणून अ‍ॅप्स नाडीचे ठोके ठरवतात ते बहुतेकदा २२० वजा वय या सूत्राने. सूत्र मुळात ढोबळ, एकाच वयाच्या दोन माणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. पण बीपीच्या काही गोळ्या, बीटा ब्लॉकर गटातल्या, नाडीच हळू ठेवतात. अशा माणसाला अ‍ॅप ‘अजून जोर लावा’ म्हणत राहतं आणि तो बिचारा लावत राहतो. गोळी कुठल्या गटातली ते डॉक्टरांना विचारा. त्या गटातली असेल तर झोन विसरून वर सांगितलेली बोलण्याची कसोटी वापरा.

सुई न टोचता साखर सांगणारं घड्याळ किंवा अंगठी सासूबाईंसाठी कुणी गळ्यात मारत असेल तर हात जोडा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट बजावलं की त्वचेला न टोचता स्वतःच साखर मोजणाऱ्या अशा एकाही घड्याळाला वा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही.

ताकदीच्या व्यायामाची अ‍ॅप्स हा माझ्या धंद्याचा विषय, म्हणून जरा तिखट बोलते. ‘३० दिवसांत पोट सपाट’ छापाच्या अ‍ॅप्सनी मला भरपूर पेशंट दिलेत. तिसऱ्याच दिवशी उड्या, बर्पी, शंभर क्रंचेस. पडद्यावरची मुलगी पंचविशीची. तिला तुमचा गुडघा दिसत नाही, बाळंतपणानंतर सैल झालेलं पोट दिसत नाही, खोकताना लघवी सुटते का हे तर कुणी विचारतच नाही. चाळिशीनंतर स्नायू आणि हाडं दोन्ही झिजायला लागतात, तेव्हा हा व्यायाम तुम्हाला हवाच, चालण्याइतकाच हवा. माझा सल्ला: आधी दोन-तीन वेळा माणसासमोर शिका. फिजिओ चालेल, जाणती जिमची बाई चालेल. उठाबशी, भिंतीवरचे पुशअप, खाली वाकून वजन उचलणं, एवढंच. मग अ‍ॅप घ्या, आणि ज्यात एखादा व्यायाम नको असेल तर बदलून मिळतो, खुर्ची धरून करायचा पर्याय असतो आणि आठवडा चुकला तर पुन्हा पहिल्या दिवसापासून हाकलत नाहीत, असंच घ्या. शाळेत ऑफ तासाला करायचं तर आयुष मंत्रालयाचं २०२१ चं ‘वाय-ब्रेक’ बघा, पाच मिनिटांची योगासनं, कामाच्या जागीच करता येण्यासारखी.

आता पैसे. मी स्वतः फसलेली आहे, म्हणून सांगते. सात दिवस फुकट म्हणून एक अ‍ॅप घेतलं, पाचव्या दिवशी कंटाळून डिलीट केलं, आणि महिन्याभराने बँकेचा मेसेज आला की वर्षाचे चौदाशे रुपये गेले. अ‍ॅप काढलं म्हणजे वर्गणी बंद होत नाही. ती प्ले स्टोअरच्या किंवा अ‍ॅपलच्या सबस्क्रिप्शनच्या यादीत जाऊन वेगळी रद्द करावी लागते, आणि यूपीआयवर ऑटोपे दिलेला असेल तर तोही तपासावा लागतो. फुकट आवृत्ती पंधरा दिवस वापरा. परीक्षेचे पेपर तपासायचेत, घरात पाहुणे आहेत, अशा ओढाताणीच्या आठवड्यातही ते उघडलं गेलं तरच एका महिन्याचे पैसे भरा. वर्षाचे नकोत. ‘आज रात्रीपर्यंत’ची सूट उद्याही असते, दिवाळीला असते आणि एक जानेवारीला तर असतेच असते.

परवानग्या देताना हात आखडता घ्या. पावलं मोजायला तुमचे कॉन्टॅक्ट्स लागत नाहीत. लोकेशन फक्त रस्त्याचा नकाशा काढायचा असेल तरच द्यायचं. धावण्या-चालण्याचे रस्ते नोंदवणाऱ्या स्ट्राव्हा या अ‍ॅपने २०१७ च्या अखेरीस जगभरच्या वापरणाऱ्यांचा एकत्र नकाशा काढला आणि २०१८ मध्ये लोकांच्या लक्षात आलं की त्यात वाळवंटातले लष्करी तळ उजळून दिसताहेत, कारण जवान तळाभोवती रोज धावत होते. जवानांचं हे झालं, तर पहाटे साडेपाचला एकटीने टेकडीवर जाणाऱ्या बाईचा रोजचा रस्ता आणि वेळ सगळ्यांना दिसणं किती शहाणपणाचं? स्ट्राव्हा मला आवडतं, टेकडीवाल्यांसाठी चांगलंच आहे, पण घेतल्याबरोबर खातं खाजगी करा आणि घराभोवतालचा भाग लपवा. पाळीच्या नोंदी ठेवत असाल तर आणखी जपून. अशा एका मोठ्या अ‍ॅपला वापरणाऱ्यांची माहिती दुसऱ्या कंपन्यांना पुरवल्याच्या आरोपावरून २०२१ मध्ये अमेरिकेत सरकारी तडजोड करावी लागली. चाळिशीत पाळी मागेपुढे होते, तारखा लिहून ठेवणं डॉक्टरांसाठी मोलाचं असतं, पण त्याला कागदाची डायरी पुरते.

सासूबाईंना अ‍ॅप नको. काठी घेऊन सावकाश चालणाऱ्याची पावलं फोनला नीट कळतच नाहीत, पाय घासत टाकले तर अर्धी गळतात. मग दिवसभर चालूनही त्यांना ‘९००’ दिसतं आणि त्या हिरमुसतात. त्यांच्यासाठी भिंतीवरचं कालनिर्णय आणि एक पेन्सिल. सकाळी फेरी झाली की एक रेघ, संध्याकाळी दुसरी. महिन्यातून एकदा तुमच्या फोनचं स्टॉपवॉच मात्र वापरा: हात छातीवर घेऊन, ३० सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा पूर्ण उभं राहून बसता येतं ते मोजा. त्यांच्या वयाच्या बाईला १० पेक्षा कमी जमलं तर पडण्याची शक्यता वाढलेली समजतात, तेव्हा एखाद्या फिजिओला दाखवा. हाताचा आधार घेतल्याशिवाय उठताच आलं नाही तर शून्य लिहायचं आणि लगेच दाखवायचं. मोजताना खुर्ची हातांची नको, भिंतीला टेकलेली हवी, आणि तुम्ही शेजारी उभ्या राहा. स्टॉपवॉच नातवाच्या हातात द्या.